काठ उघडत नाही

मे महिन्यात, गोळीबार चौकात, दुपारी दोनला
कुत्रंही सावली सोडत नाही,
तेव्हा हेडाऊजी आले.
डोक्याला दुपट्टा, खिशात विजेचं बिल,
बिलाच्या पाठीवर पासवर्ड.
कूलरसमोर जरा उभे राहिले, मग म्हणाले,
"राजनांदगावच्या बाईनं मेल धाडला.
फोटो काहून उघडत नाही त्यातले?"

तीन अटॅचमेंट. तिन्हींच्या जागी
तोच फाटका कागद, कोपरा दुमडलेला.
वर बाईची चिठ्ठी:
आईची साडी तुमच्या मागावरची.
वहिनीनं गेल्या वर्षी भांडेवालीला दिली,
स्टीलच्या एका डब्यावर.
काठ तसाच हवा. फोटो सोबत आहेत.

मी ऑनलाइन सेंटर चालवते. आधार, पॅन, नवोदयचे फॉर्म.
फोटोचा ताप रोजचाच:
कोणाचा नवरा वीस केबीत मावत नाही,
कोणाची सही आडवी पडते.
म्हणून आधी सरळ उपाय केले.
पुन्हा उतरवून घेतले. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिले.
पहिली फाइल नव्या फोनची,
माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ती बोलीच येत नाही.
जेपीजी करून घेतली.
उघडली.
भिंत. भिंतीवर कॅलेंडर. खाली कोणाचा तरी अंगठा.

दुसरी आली ती
आडनाव गळालेल्या माणसासारखी,
टिंबाच्या पुढे काहीच नाही.
मी एक आडनाव लावलं. नाही उघडली.
दुसरं लावलं. तरी नाही.
नोटपॅडमध्ये टाकली तर पानभर किडेमुंग्या.
हेडाऊजी चष्मा पुसून वाकले,
"यातच आहे न साडी?"
यातच आहे, म्हटलं, पण आपल्याला वाचता येत नाही.
"ठेव मंग तशीच. तिले त्रास नको देऊ."

तिसरी उघडली, वरून खाली, ओळीओळीनं:
केस, कपाळ, मोठं कुंकू,
पुढे आलेला एक दात,
खांद्यावर पदर, पदराचा काठ चार बोटं,
आणि तिथेच थांबली.
खाली सगळं राखाडी.
"बाणा संपला," ते म्हणाले.

बाईला लिहिलं: पुन्हा पाठवा, झिप करून पाठवा.
अकरा मिनिटांत उत्तर:
माझ्याकडेही एवढीच दिसते.
जुना फोन पाण्यात पडला होता.

मग मी काठ मोठा केला. आणखी मोठा. आणखी.
चेहरा गेला, खांदा गेला,
पडद्यावर नुसत्या चौकटी उरल्या,
जांभळ्या, मोहरी, काळ्या.
मला वाटलं, हेही बिघडलं. हात मागे घेतला.
"थांब," ते म्हणाले. "हे मले वाचता येते."
काचेला बोट न लावता हवेतच मोजू लागले,
तीन सोड, एक उचल. तीन सोड, दोन उचल.
कूलरमधलं पाणी कधीचं संपलं होतं,
दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

एका जागी अडले.
"इथं आमच्या रामरतननं चूक केली. अठ्ठ्याहत्तर साली.
लय भांडलो होतो मी त्याच्याशी."
मी विचारलं, चूक पण विणाल काय?
त्यांनी प्रिंट मागितली.

शाई संपत आलेली.
जांभळा निळसर निघाला, मोहरी तर निघालाच नाही.
राखाडी तेवढा झकास आला.
साडीची घालतात तशी घडी घातली त्यांनी कागदाची,
काठ वर ठेवून.
"किती?"
वीस.
"अर्ध्या फोटोचे?"
दहा घेतले.

दुसरी फाइल अजून डेस्कटॉपवर आहे.
संध्याकाळी गर्दी ओसरली
की एखादं आडनाव लावून पाहते तिला.