बिघाड

तक्रार होती : यंत्र चालत नाही.
मातोझिन्योशच्या सरकारी दवाखान्यात, दाराशीच,
नंबराची चिठ्ठी देणारं, काचेच्या तोंडाचं.
मी गेलो, पुसलं, तपासलं.
बोट ठेवायला जागा नव्हती.

थांब, दाखवते, ती म्हणाली.
देओलिंदा. वय बहात्तर,
त्यातली एकेचाळीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात :
मीठ, बर्फाचं पाणी,
मुंडी खुडायची, शेपूट खुडायचं, डबा भरायचा.
बोटांवरच्या रेषा केव्हाच डब्यांत बंद होऊन
कुठल्या कुठल्या देशांत खाल्ल्या गेल्या.

तिनं काचेवर बोट ठेवलं.
काच ढिम्म.
तिनं दाबलं. आणखी दाबलं.
फुगलेल्या दाराला खांदा लावावा
तसं सगळं अंग त्या एका बोटामागे लावलं.
कृपया पर्याय निवडा, यंत्र म्हणालं,
फारच अदबीनं.

जोर नको बाई, मी म्हणालो, हलकं, नुसतं टेकवा.
हलकं?
हलक्यानं कुठलं झाकण बसतं?

कसं सांगणार होतो
की हिला जोर कळतच नाही,
कातडीतली ओल तेवढी कळते
आणि तुमची संपलीये.

मग तिनं पिशवीत हात घातला,
बाजारातून आणलेल्या पुडक्यातून
एक सार्डिन काढली,
शेपटीला धरून तिचं तोंड काचेला टेकवलं.
टिंग.
नंबर सत्तेचाळीस. रक्तदाब. खोली दोन.

रांग हसली. तीही हसली.
मासा पुन्हा कागदात गुंडाळताना म्हणाली,
मेलेली आहे, तरी हिला ओळखतं.

त्या संध्याकाळी तिच्याकडे गेलो, शेगडी बघायला.
मुलानं लक्झेंबर्गहून पैसे पाठवून बसवलेली,
काळी, गुळगुळीत, तळ्यासारखी.
जुनी गॅलरीत, कुंड्यांच्या मागे.
तिच्या बटणावरचे आकडे पार पुसलेले.
गॅसची नळी कधीच काढलेली, तरी ती बटण फिरवून दाखवत होती :
टक्. टक्. मग जरासं अडखळून, टक्.
हे बघ, तीनवर अडतं.
ते अडणं हाताला लागतं रे,
नाहीतर रश्श्याला कळणार कसं मी आहे म्हणून.

कंपनीच्या कागदावर दोन रकाने.
बिघाड : नाही, असं लिहिलं.
उपाय, कोराच ठेवला.
साहेबानं विचारलं तेव्हा म्हणालो, शाई संपली.

पुढच्या मंगळवारी मी तिथंच होतो,
दुसऱ्याच कामाला, खरं तर.
ती आली, आज पिशवीत नुसते कांदे.
तिनं माझं बोट धरलं,
लहान मुलाचं धरतात तसं नाही,
पळी धरावी तसं,
आणि काचेला लावलं.
टिंग.

चिठ्ठी बाहेर आली. लोंबत राहिली.
मागचा माणूस खाकरला.
तिनं बोट सोडलं नव्हतं,
अंगठ्यानं टोकाशी दाबून बघत होती,
एकदा, पुन्हा एकदा.
काय झालं? मी विचारलं.
काही नाही, म्हणाली.
दबतंय.