चढावर हळू आहे

सायकल-दुरुस्तीच्या दुकानातल्या तेलकट भिंतीवर
मी चिठ्ठी लावली होती:
'रविवारी पहाटे पाच. पूर्वेकडचे डोंगर.
सोबत हवी. मी चढावर हळू आहे.'
खाली फोन नंबर, आणि नाव, एलिएसेर.

बोगोतात डोंगर शोधावा लागत नाही.
कुठल्याही चौकात उभे राहा, पूर्वेला तो असतोच,
घरातल्या थोरल्यासारखा, न बोलता.
शोधावी लागतात माणसं.
माझा भाचा एकटाच वर गेला होता,
मोजे घालून चालत परत आला.
सायकल गेली, बूट गेले.
म्हणाला, सभ्य होते तसे, हेल्मेट राहू दिलं.

दोन आठवडे फोन नाही.
मग नूबिया. बावीस वर्षं बस चालवते.
'सगळं शहर माझ्या मागे बसतं,' म्हणाली,
'मला एकदा कुणाच्या तरी मागून जायचंय.
तुम्ही किती हळू?'
मी म्हणालो, मागून गाय आली तर वाट देतो.
'चालेल.'

आणि विल्मेर, पावाच्या भट्टीतला पोरगा,
सायकलला एकच ब्रेक,
त्याला स्वतःला एकही नाही.

निलगिरीची सालं चाकाखाली पापडासारखी मोडत होती.
हवा इतकी विरळ
की बोलायचं तर आधी थांबावं लागे.
विल्मेर पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे,
कुत्र्यासारखी एकच वाट तीनदा तुडवत.
नूबिया मागे. एक शब्द नाही.
मी गिअर बदलला की तिचा खट् ऐकू यायचा,
एवढंच.

तिसऱ्या वळणानंतर फाटक.
साखळी. पितळी कुलूप.
कुलपं हाच माझा धंदा,
तोवर मी सांगितलं नव्हतं.
तळहातावर घेतलं, वजन पाहिलं.
दोन मिनिटांचं काम; बोटं गारठलेली, म्हणून तीन.
विल्मेर माझ्या बोटांकडे बघत होता,
नूबिया तोंडाकडे.

कुलूप सोडलं. साखळीवर ते हललं, थांबलं.
धुक्यात कुठेतरी धूर होता, वेगळा, लाकडाचा.
तिकडे सायकली ढकलत गेलो.

एर्मेलिंदाबाई म्हणाल्या,
मोटारसायकलवाल्यांनी बटाट्याच्या सऱ्या तुडवल्या,
म्हणून कुलूप. आणि किल्ली?
किल्ली हरवून तीन वर्षं झाली.
तेव्हापासून त्या स्वतःच कुंपणाखालून जातात,
आधी दुधाची किटली, मग आपण.
हे सांगताना त्या हसल्या नाहीत,
म्हणून आम्हीही हसलो नाही.
गुळाचं गरम पाणी दिलं,
त्यात चीजचा तुकडा, तळाशी मऊ होत जाणारा.

पुढच्या रविवारी मी पाठीवर कानस वाहिली,
दोन कोऱ्या किल्ल्या, छोटा चिमटा.
एवढ्या वजनाने गायच काय, वासरूही पुढे गेलं असतं.
त्यांच्या उंबऱ्यावर बसून किल्ली घासली.
पितळेचा कीस विजारीवर.
बाईंनी फाटक उघडलं, लावलं,
उघडलं, लावलं,
कुणी जायचं नसताना चार वेळा.
मग आम्हाला म्हणाल्या, 'जाताना ओढून घ्या.'

मजुरी सहा अंडी.
ती विल्मेरच्या पिशवीत, आणि पुढे उतार.
एक वाचलं.
ते नूबियाने बसमध्ये, स्टिअरिंगपाशी, मफलरमध्ये ठेवलं,
उकडून खाल्लं की नाही, विचारलं नाही.

परवा चिठ्ठी काढायला दुकानात गेलो.
खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं:
'मी तुमच्याहून हळू. पण पंप आहे.'
नाव नाही, नंबर नाही.
काय करणार? तिथलीच पेन्सिल घेतली,
जागा उरली होती तेवढ्यात लिहिलं:
पुलाखाली. थांबतो.