साडेतीन तोळे

गुजरीत वजनकाट्याशी बसतो मी, एकवीस वर्षं.
पाटली तळहातावर घेतली की कळतं
आत लाख भरलीय की सोनं.
पण हिला पहिल्यांदा पारड्यात सोडली
तेव्हा आकडा थांबेचना.
चाळीस ग्रॅम, एकोणचाळीस, एकेचाळीस.
काटा तिचा श्वास मोजत बसला होता.
सूर्यफुलाचं एक बी पुढं केलं. थांबली.
साडेतीन तोळे.
आमच्या गावात साडेतीन म्हटलं की
हात आपोआप जोडले जातात.
मी वहीत लिहिलं, तारीख घातली.

पुतणी संयोगिता नर्सिंगला मिरजेला गेली,
जाताना पिंजरा माझ्या टेबलावर ठेवून.
सोबत फुलस्केपचं पान:
काका, एकटीच ठेवा. सोबत आणू नका.
दोघी एका पेटीत आल्या की रक्त काढतात.
बिनलग्नाच्या माणसाला हे लिहून द्यायला हवं होतं?
नाव तिनंच ठेवलेलं, लवंगी.
अंगठ्याला चावली त्या रात्री
नाव बरोबर असल्याचं कळलं.

पानावर पुढं: गूळ नाही, केळं नाही, द्राक्ष नाही.
या बुटक्या जातीला साखर लवकर होते.
मला झालीच आहे.
मार्केट यार्डाकडून वारा आला की
नव्या रव्यांचा वास खोलीभर पसरतो,
आणि आम्ही दोघं
गुळाच्या गावात बिनगुळाचे,
ती राळं सोलत, मी भाकरी मोडत.

रात्री अकराला तिचा दिवस उगवतो.
चाक फिरतं. किर्र, किर्र.
आसाला गोडेतेलाचा थेंब दिला
तर नुसती पावलं ऐकू येऊ लागली,
पावसाआधी पत्र्यावर मुंग्या चालाव्यात तशी.
(मुंग्या ऐकू येत नाहीत, माहीत आहे मला.)
मागच्या तालमीत पहाटे पोरं हौदा उकरतात,
त्याच वेळी ही वाळूच्या वाटीत लोळते.
हिला पाण्याची अंघोळ चालत नाही.
तिकडं मातीत ताक आणि तेल,
इकडं नुसती चाळलेली, भाजून गार केलेली वाळू.

डिसेंबरात एका सकाळी हलेना.
पाय आखडलेले, नाक गार.
मी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली,
कोपऱ्यातलं फावडं बघितलं,
मग संयोगिताला फोन लावला.
ती म्हणाली, मिशा बघा, मिशा.
मिशा हलत होत्या. अगदी न हलल्यासारख्या.
हळूहळू ऊब द्या काका, घाई करू नका.
घाई मला कोण शिकवणार?
मंद आचेवर डाग लावण्यात हयात गेली.
बनियनच्या आत, छातीशी, तासभर.
दुकानाला उशीर झाला. शेठला सांगितलं,
घरी जोखमीचं काम होतं.

आता तिला दोन वर्षं होतील.
दर गुरुवारी वजन.
तीन तोळे पाच मासे. तीन तोळे तीन.
आमच्या धंद्यात याला घट म्हणतात,
तापवलं, ठोकलं, घासलं की थोडं जातंच,
गिऱ्हाईकही मान्य करतं.
या घटीचं बिल कुणाच्या नावानं फाडू?

काल पिंजरा साफ केला.
अंथरूण म्हणजे दुकानातल्या रद्द पावत्या,
कात्रीनं बारीक कातरलेल्या.
सगळं फेकायचं नसतं, निम्मं जुनं ठेवायचं,
नाहीतर स्वतःचा वास हरवून ती बिथरते.
झारेकऱ्यासारखा उकिडवा बसून
चिमूट चिमूट चाळलं मी.
आमच्या गल्लीच्या धुळीत ते सोनं शोधतात,
मला खापरीखाली सापडल्या
सूर्यफुलाच्या एकतीस बिया.
दात पडलेत तिचे, फोडता येत नाहीत.
तरी गाल भरभरून नेऊन ठेवलेल्या,
एकावर एक, नीट.

सोळा परत ठेवल्या.
पंधरा सोलल्या,
खलात कुटून राळ्यात कालवल्या.
तिनं हुंगलं, खाल्लं थोडं,
उरलेलं गालात घेतलं
आणि निघाली खापरीकडं.