रकाना क्रमांक सात

लॉगबुकात रकाने नऊ.
पहिले सहा सोपे:
तारीख, नोंदणी क्रमांक, कुठून, कुठे,
पंखा किती वाजता फिरला, किती वाजता थांबला.
सातवा, प्रवासाचे प्रयोजन.
तिथं अकरा वर्षं मी एकच लिहीत आले:
शासकीय कामानिमित्त.
हल्ली वाण्याच्या यादीतही हात वळतो,
तूरडाळ दोन किलो, शासकीय कामानिमित्त.

मी कुंदा ढमढेरे, अव्वल कारकून,
राजशिष्टाचार शाखा, जिल्हाधिकारी कार्यालय, पुणे.

शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन:
साहेब उद्या हेलिकॉप्टरनं येतायत,
मुंढव्याला लग्न आहे, भाच्याच्या मेहुण्याचं,
तेव्हा तिथंच काहीतरी बैठक लावा.
'काहीतरी' हा शब्द फायलीत बसत नाही.
फायलीत गेलं: जलसाठा आढावा.

शाळेचं मैदान रातोरात हेलिपॅड झालं.
पोरांनी कबड्डीसाठी आखलेल्या रेघा
बांधकाम खात्याच्या बाबाजान मिस्त्रीनं
खराट्यानं झाडल्या,
उरलेल्या फक्कीनं गोल काढला, गोलात एच.
'बाई, रेघ सरळ आली ना?' त्यानं विचारलं.
आली होती. त्याची नेहमीच सरळ येते.

धूळ उडू नये म्हणून दोन टँकर पाणी ओतलं.
समोरच्या सोसायटीत तीन दिवस नळ कोरडे.
गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या,
कुणी ओरडलं नाही,
एकीनं फक्त बादली उपडी ठेवली आणि आत गेली.
जलसाठ्याचा आढावा
खरं तर तेव्हाच संपला.

बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत.
त्यात चार मिनिटं चहाची, दोन पुष्पगुच्छाची,
एक, साहेबांच्या हाताला गुलाबाचा काटा लागला त्याचं.
साहेब माणूस वाईट नाही हो.
मला नावानं ओळखतात.
'ढमढेरेबाई, जेवल्याशिवाय जायचं नाही,' म्हणाले.
मी गेले. जिलेबी दोनदा घेतली.
लपवायचं कशाला.

त्या दिवसाचं माझं प्रवास देयक,
कचेरी ते मुंढवा, रिक्षा, एकशे बासष्ट रुपये,
कोषागारातून परत आलं.
लाल शाईत आक्षेप:
बस उपलब्ध असताना रिक्षा का?
त्याखाली, ठळक,
प्रयोजन स्पष्ट करावे.

चार महिन्यांनी गरगटे आले.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
कापडी पिशवी, पिशवीत अर्ज,
अर्जावर दहा रुपयांचा स्टँप, कडा न कडा चिकटवलेला,
आणि अक्षर असं, की आमच्या शाखेला लाज वाटावी.
प्रश्न एकच:
सदर बैठक किती मिनिटे चालली?

'लग्नाला जावं माणसानं,' ते खिडकीतून म्हणाले,
'जायलाच हवं.
पण आहेर ज्याचा त्यानं करायचा असतो, बाई.
मी त्या नवऱ्यामुलाला ओळखतही नाही.'

उत्तर आमच्याकडे तयार असतं.
माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.
ते मी टाइप केलं.
प्रिंटर कागद ओढेना.
कागद सारखे करत बसले,
तेवढ्या वेळात गरगटे चष्मा पुसत उभे होते,
दीडला खिडकी बंद होते हे त्यांना पाठ होतं,
घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही.

कपाटातून इतिवृत्त काढलं.
सुरू दहा चाळीस, समाप्त दहा एक्कावन्न.
झेरॉक्स, एक पान, दोन रुपये.
त्यांनी दोनाचं नाणं ठेवलं, म्हणाले, 'पावती?'

पावतीपुस्तकातही एक रकाना असतो: कशाबद्दल.
हात सवयीनं वळला, 'शा' उमटलासुद्धा.
तो खोडला, खोडल्यावर सही केली, नियमाप्रमाणे,
आणि पुढे लिहिलं,
अकरा मिनिटे.