मापाची वही

तौसिफ मुल्लाणीनं मोबाईल काउंटरवर ठेवला,
माझ्या चहाच्या कपाला टेकवून.
"काकू, असलं शिवाल का? पंधरा तारखेला पुण्यात
सगळे वेष करून जमणार आहेत."

साठमारीजवळच्या या ड्रेपरीत
मी मावळे शिवलेत, गॅदरिंगचे मोर शिवलेत,
एका सिनेमाचा अख्खा दरबार शिवलाय
जो पडद्यावर आलाच नाही
आणि ज्याचं बिल अजून यायचंय.
असलं मात्र शिवलं नव्हतं.

पहिलं चित्र, लढणारी बाई.
लोखंडी चोळी, लोखंडी चड्डी, मधलं पोट उघडं.
म्हटलं, तिच्या मुलखात तलवार पोटात शिरत नाही काय रे?
आमची वत्सलाआत्या पट्टा फिरवायची
कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला.
डोळ्याला फडकं बांधून जमिनीवरचं लिंबू कापायची
आणि लिंबाला कळायचं नाही.

दुसऱ्याच्या खांद्यावर अस्वलाचं कातडं.
त्यांच्या गोष्टीत बारा महिने बर्फ.
एप्रिलात घालून निघालास
तर बिंदू चौकापर्यंत पोचायचा नाहीस.

तिसरं जपानकडचं. तलवार माणसाहून दीड हात लांब,
केस निळे, आणि तोंड
गणिताचा पेपर अवघड गेलेल्या पोराचं.

चौथं चीनचं. बाह्या जमिनीला लोळणाऱ्या.
भात कसा खातात, विचारलं.
"ते उडतात, काकू."
मग बरोबर. उडणाऱ्याला कापड कितीही लागू दे.

पाचव्यावर मी थांबले.
आफ्रिकेतल्या कुणीतरी काढलेली राणी,
छातीभर कवड्यांचं चिलखत.
हे तर आपल्या जोगतिणीच्या गळ्यातलं!
मधे केवढा समुद्र, कवडी केवढीशी,
तरी दोन्ही काठांच्या बायकांनी
तिलाच सांगितलं, सांभाळ.

शेवटी चेटकीण, त्याच्या बहिणीसाठी.
काळा झगा, हातात काठी, टोकदार टोपी.
"हे सोपंय," तो म्हणाला,
"टोपी बघितली की लोक ओळखतात."

मी गळ्यातली टेप काढून गुंडाळत बसले.

आमच्या गावानं पारूमावशीला ओळखलं
तेव्हा तिच्या डोक्यावर टोपी नव्हती.
हिरवं लुगडं होतं, हातमागाचं,
गडहिंग्लजच्या बाजारात दहाजणींच्या अंगावर असतं तसलं.
दोन म्हशी आटल्या होत्या,
पाटलाच्या घरचं पोर तापानं गेलं होतं,
आणि विहिरीकडची पट्टी तिच्या नावावर होती.
एवढ्यावर ओळखलं.
काठ्याही होत्या.
तिच्या हातात नव्हत्या.

हे काही मी बोलले नाही.
गिऱ्हाईक आहे, आणि पोरगं गुणाचं,
जाताना कप विसळून ठेवणारं.

वहीत लिहिलं:
निलोफर मुल्लाणी, डोकं साडेएकवीस.
झगा काळा, अस्तर त्यातलंच.
टोपीची उंची त्यानं बारा इंच सांगितली,
मी अठरा धरली, आत पुठ्ठा, वर दुहेरी कॅनव्हास.
"लईच उंच होईल की, काकू."
होऊ दे.
लांबून दिसली पाहिजे. वेष आहे हे
पहिल्या फटक्याआधी कळलं पाहिजे.

त्यानं मान हलवली, त्याला वाटलं मी शिवणाचं बोलतेय.
ॲडव्हान्स तीनशे.
कवड्यांचं बघून सांगते म्हटलं,
वेळ लागेल, एकेक भोक हातानं पाडावं लागतं.