लहर

माझं काम ऐकायचं.
गाणं नव्हे, चूक.

पियानोत एका सुराला तीन तारा असतात.
तिघींचं जरा बिनसलं की मधून एक लहर उठते,
वाँव, वाँव, वाँव,
धुक्यातल्या बोटीच्या भोंग्यासारखी.
मी किल्ली केसभर फिरवते.
लहर मंदावते, आणखी मंदावते,
मग मरते.
छत्तीस वर्षं मी तुर्कू शहरात
लहरी मारत हिंडते आहे:
शाळांतून, चर्चांतून, स्वीडनला जाणाऱ्या जहाजांच्या बारमधून,
जिथे काळ्या पट्ट्यांखाली
गेल्या उन्हाळ्यातली बिअर चिकटलेली असते.

घरी रेडिओ नको वाटायचा.
बहिणीनं साठीला मैफलीचं तिकीट दिलं,
मी अख्खा वेळ
एका उतरलेल्या सुरावर कान रोखून बसले.
टाळ्या पडल्या तेव्हा कळलं, संपलं.
आइला म्हणाली, कसं होतं गं?
मी म्हणाले, वरून चौथा सूर.

फेब्रुवारीत विणकामाचं पुस्तक परत करायला
ग्रंथालयात गेले.
टेबलाशी नवा मुलगा, यालमारी, कानाला सर्दी झाल्यासारखी टोपी.
म्हणाला, ही डिस्क नऊ वर्षांत कुणी नेलेली नाही,
महिनाअखेर काढून टाकतील.
तुम्ही न्या ना.
नाही ऐकलीत तरी चालेल,
नुसता शिक्का पडू दे.

नेली.
का कोण जाणे. लहर आली म्हणू या.

बाली बेटावरचं काहीतरी.
काशाच्या पट्ट्या, हातोड्या, वीस-पंचवीस माणसं.
पहिलाच ठोका पडला आणि
वाँव वाँव वाँव वाँव
हात आपसूक पिशवीतल्या किल्लीकडे गेला.
काय घाण लावलीय वाद्यं!
दुसरा सूर, तीच लहर.
तिसरा, तीच.
वरच्या सप्तकात, खालच्या सप्तकात,
त्याच चालीनं थरथरणारी.

मी उभीच राहिले.
चूक
इतक्या नेमानं होत नाही.

कुणीतरी मांडी घालून, कानशीनं घासत घासत
दोन जुळ्या पट्ट्यांना
मुद्दाम, मोजून, एकमेकींपासून दूर नेलं होतं.
मी जेवढ्या निगुतीनं जवळ आणते
तेवढ्याच निगुतीनं.
सोबतच्या कागदावर लिहिलं होतं:
जोडीतली एक श्वास घेते, एक सोडते.
थरथर नसेल तर तो आवाज
मेलेला धरतात.

वाटाण्याचं सूप बुडाला लागलं.
खिडकी उघडली, उणे चौदा, तरी डिस्क चालूच.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी मी पायरीवर.
आणखी काय काय कुणी नेलेलं नाही?
यालमारीनं खोकं काढलं.
झिंबाब्वेतलं, अंगठ्यांनी वाजवायचं लोखंडी जिभांचं वाद्य,
त्याला बाटल्यांची बुचं ठोकलेली,
का, तर खुळखुळावं म्हणून!
आणि मी, पियानोत सुटलेला एक स्क्रू खुळखुळतो म्हणून
गुडघ्यांवर रांगत अर्धा दिवस घालवलेली.
सार्डिनियातले चार धनगर,
चौघं गातात आणि पाचवी एक बाई ऐकू येते
जी तिथं नसते.
जपानी बासरी मात्र सोसली नाही,
सूर कमी, फुंकर जास्त.
परत केली.
शुक्रवारी पुन्हा आणली.

रात्री अकराला आइलाला फोन करून
तोंडानं खुळखुळून दाखवलं.
ती म्हणाली, ओनेर्वा, प्यायलीस का?

आज चर्चचा पियानो.
मधला सूर दाबला, लहर उठली,
जुनीच, ओळखीची,
आणि मी किल्ली हातात धरून
बसून राहिले.
सेविका तूलिक्की झाडू थांबवून म्हणाली,
फार बिघडलाय का?

नाही गं. जरा ऐकते.

ती पण आली, झाडूवर हनुवटी टेकून.
आम्ही तो सूर विझेपर्यंत ऐकला, 
मग पुन्हा दाबला.

मग मी किल्ली फिरवली.
रविवारी लग्न आहे, पैसे त्याचेच मिळतात.