कूलर झाकल्यावर

नागपुरात आवाज ऐकू येतात ते दिवाळीनंतरच.
मार्चपासून कूलर घरभर गर्जत असतो,
भांडणं, टीव्ही, नानांचा खोकला
सगळं पोटात घालतो.
मग एका रविवारी खस काढून गच्चीवर टाकायची,
टाकीतला गाळ उपसायचा,
लोखंडी खोक्यावर जुनी चादर बांधायची,
आणि त्या रात्री कळतं
कॉम्प्युटर कण्हतोय.

कर्र. टक्. कर्र. टक् टक्.
अठरा वर्षांची हार्ड डिस्क, एकशेसाठ जीबी,
त्यातले तीन रिकामे.
बाकी सगळी लग्नं.
गोळीबार चौकापासून उमरेडपर्यंतची लग्नं,
साडेचार हजार पत्रिका,
अकराशे गणपती,
बसलेले, नाचणारे, पिंपळपानातले.
काही लग्नं मोडली. फायली आहेत.
एका नवरदेवाची तर दोनदा आहे,
नवरीचं नाव तेवढं बदललेलं.

कॉम्प्युटरच बदल, असं सगळे म्हणतात.
पण माझे फॉन्ट जुने, त्यांचं कुलूप जुनं,
ते जुन्याच खाचेत बसतं.
नव्या मशीनवर श्रीगणेशाय नमः उघडलं
तर चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह, चौकोन.
कोणाच्या लग्नात चौकोन छापायचे?

सीताबर्डीला गेलो, खानोरकरच्या तळघरात.
"एसएसडी घे ना बे. आवाजच नाही.
हलणारं काहीच नाही तिच्यात."
दोन टीबीची किंमत ऐकली.
मीच हललो.
"मग ही घे, साधी. चार टीबी."
चार दिसणारच नाहीत, म्हटलं,
माझी विंडोज दोनाच्या पुढे मोजत नाही.

त्याने दोन काढून काउंटरवर ठेवल्या.
एक मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेणारी,
दुसरी पाच हजार चारशे.
"ही हळू हाये. पण गप हाये."
मी दोन्ही कानाला लावून पाहिल्या,
टरबुजासारख्या वाजवल्या नाहीत एवढंच.
सुरू करून दाखव, म्हटलं.
वर बर्डीचा बाजार, ऑटो,
चपला विकणाऱ्याचा भोंगा.
खानोरकरने शटर अर्धं ओढलं,
पोऱ्याला पंखा बंद करायला लावला,
आणि आम्ही तिघं श्वास धरून
त्या डबीपुढे उभे राहिलो,
कोणी गेल्यासारखे.

हळूवाली घेतली.
घरी स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे
चार तुकडे कापून घातले.
तुळशीचं लग्न तोंडावर, कामं सगळी रात्रीची.
अकराला कॉपी लावली.
गणपती एकेक करून निघाले.
भिंतीवर घड्याळ वाजतं
हे मला त्या रात्री कळलं.

दोन वाजता नाना उठून बसले.
मिलच्या माग खात्यात एकोणतीस वर्षं,
उजवा कान तिथेच ठेवून आलेले,
डावा अर्धा.
त्यांची लोखंडी खाट माझ्या टेबलाला टेकलेली असते.
"कोणता बंद पडला?"
काही नाही नाना, झोपा.
"मंग खाट काहून गप हाये?"

उतरले. अंधारात, सवयीने,
टेबलाखाली वाकून
कॅबिनेटवर तळवा ठेवला,
मागाच्या लोखंडावर ठेवत असतील तसा,
बोटं पसरून.
बराच वेळ.
मी स्क्रीनकडे बघत राहिलो. सदतीस टक्के.
अडतीस.
"चालू हाये," म्हणाले,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.
मला मात्र मग झोप नाही.

सकाळी चहा बशीत ओतता ओतता विचारलं,
"केवढ्याची?"
पाच हजार दोनशे.
त्यांनी बशीवर फुंकर घातली.
"आन त्यातले गप राहाचे किती?"